सीआरपी उशिरा येतो

सकाळी 8. परभणीत मे महिन्यात आठलाच भिंती तापायला लागतात. प्रयोगशाळेत आल्याआल्या सीआरपी चाचणीच्या लेटेक्सची बाटली फ्रीजमधून काढून ठेवते. थंडगार असली की चाचणीचा भरवसा नसतो.

8:25. एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या वॉर्डातून, नमुना आला. पालम तालुक्यातून रात्री आणलेलं बाळ, तिसरा दिवस, वजन 1600 ग्रॅम. दूध ओढत नाही, अंग गार, हातपाय सैल. एवढ्या लेकराच्या अंगात रक्तच जेमतेम 130 मिली, चहाचा कप भरेल एवढं. त्यातलं एक मिली सिस्टरनं आधी कल्चरच्या बाटलीत घातलं, मग अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. ‘रक्त गोठलं, पुन्हा पाठवा’ हे वाक्य मी या वॉर्डाला शक्यतो म्हणत नाही.

8:50. काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब, शेजारी लेटेक्सचा. मिसळून दोन मिनिटं हलवलं. गुठळी नाही. सीआरपी निगेटिव्ह.

निगेटिव्ह लिहिताना हात अडखळतो. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि जंतुसंसर्ग सुरू झाल्यावर रक्तात वाढायला त्याला सहा ते बारा तास लागतात. तोवर बाळ हातचं जाऊ शकतं.

9:10. म्हणून माझा जीव काचेवरच्या पेशींत. पांढऱ्या पेशी 4200. पाच हजारांखाली म्हणजे वाईट खूण. शंभर न्यूट्रोफिल मोजले, त्यांत 28 कच्चे. लढाईवर कोवळी पोरं धाडावी तसं अस्थिमज्जेनं अर्धवट वाढलेल्या पेशी बाहेर काढल्या होत्या. 0.2 च्या वर हे प्रमाण गेलं की दखल घ्यायची.

तासभर उभ्या ठेवलेल्या बारीक नळीतला मायक्रो ईएसआर 11 आला. पहिल्या दिवसांत बाळाचं वय अधिक तीन असा साधा हिशेब. म्हणजे 6 चालला असता. तरी चाचणीत धरायला 15 च्या वर लागतो. असो. तपासणीतल्या पाच खुणांपैकी दोन पुरतात, त्या मिळाल्या. वॉर्डात फोन केला.

1:30. डबा. रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन सीआरपीपेक्षा लवकर वाढतं, चारेक तासांत. पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते धडधाकट बाळातही आपोआप चढतं. वय तासांत माहीत नसेल तर आकडा फसवतो. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’नं 1995 नंतर गावातल्या आरोग्यदूतांना नुसत्या लक्षणांवरून नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं होतं, यंत्राशिवाय. यंत्रावर रुसले की मला ते आठवतं.

4:00. जिन्याशी त्या बाळाची आजी.

“बाई, लेकराचं रगत कितींदा काढता?”

“आजी, रात्री अजून एकदा.”

“मग सकाळी काहून काढलं?”

“सकाळचं नसतं तर रात्रीचं कशाशी ताडून बघायचं?”

तिला पटलं नाही. मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं.

6:15. दुसऱ्या एका बाळाचा सीआरपी दुसऱ्यांदा निगेटिव्ह, कल्चरमध्ये दोन दिवसांत काही वाढलं नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बंद केलं. सीआरपीचा खरा उपयोग मला इथं वाटतो: औषध थांबवायला धीर देतो.

रात्री 8:40. सहकारी रजेवर, म्हणून मीच. पालमच्या बाळाचा नमुना. या खेपेला थेंब नासलेल्या दुधासारखा फाटला. दुप्पट पातळ केला, गुठळी. चौपट, तरी गुठळी. आठपटीला साफ. ही चाचणी सहापासून दाखवते, म्हणून सहा चोक चोवीस. नोंदवहीत 24 लिहिलं, सकाळच्या निगेटिव्हच्या खाली.

कल्चरची बाटली इनक्युबेटरमध्ये आहे. अजून स्वच्छ दिसते.