गणनयंत्रांची कथा : लेखांक तिसरा – चार्ल्स बॅबेज

मागील लेखांकात पास्काल व लायब्निझ यांच्या ज्या यंत्रांचा आपण परिचय करून घेतला, त्यांना प्रत्येक पायरीस माणसाचा हात व माणसाचे अवधान लागतच असे. ते अवधानच यंत्राच्या अंगी आणण्याचा ध्यास ज्याने जन्मभर घेतला, तो चार्ल्स बॅबेज १७९१ साली लंडन येथे जन्मला.

त्या काळी नाविक, खगोलवेत्ते व विमेदार हे सारे छापील कोष्टकांवर विसंबून असत. आणि ती कोष्टके मांडणारा गणिती, नक्कल करणारा कारकून व खिळे जुळवणारा कामगार यांपैकी कोणाचीही एक चूक समुद्रावरील गलबतास भोवू शकत असे. यावर बॅबेजने योजलेला उपाय विलक्षण साधा आहे. ४१, ४३, ४७, ५३, ६१ ही श्रेणी घ्या. लगतच्या संख्यांमधील अंतरे २, ४, ६, ८ अशी येतात, आणि त्या अंतरांमधील अंतर सदैव २ राहते. म्हणजे हे शेवटचे २ हाती असले, की निव्वळ बेरजेने सारी श्रेणी पुढे चालवता येते, गुणाकाराचे नावही काढावे लागत नाही. आणि बेरीज तर दातेरी चाकांना सहज साधते. उत्तराचा ठसाही यंत्रानेच उमटवावा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचा प्रमाद टळेल, अशी त्याची योजना होती.

१८२३ साली सरकारने या 'अंतर-यंत्रा'स मंजुरी दिली, आणि पुढे खजिन्यातून सुमारे १७,००० पौंड खर्ची पडले. १८३२ मध्ये यंत्राचा एक भाग जुळवून झाला व तो निर्वेध चालला. परंतु जोसेफ क्लेमेंट या कुशल कारागिराशी हिशेबावरून तंटा विकोपास जाऊन दुसऱ्याच वर्षी काम थांबले. इकडे बॅबेजच्या मनात १८३४ पासून त्याहून थोर अशा 'विश्लेषक यंत्रा'ने घर केले : संख्यांचे कोठार निराळे, गणिताची गिरणी निराळी, आणि ज्याकारच्या रेशमी मागावरून घेतलेली छिद्रांकित पत्रे त्यांस आज्ञा देणार! १८४२ साली सरकारने अंतर-यंत्राचा नाद कायमचा सोडला.

त्या युगाचे धातुकामच असमर्थ होते, असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला ते मान्य नाही. त्याने १८४७ ते १८४९ या काळात रेखाटलेल्या दुसऱ्या अंतर-यंत्राचा गणनाचा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमने, त्या काळी साधण्याजोग्या काटेकोरपणाच्याच मर्यादेत राहून, १९९१ मध्ये उभा केला, आणि तो ३१ अंकांपर्यंत अचूक गणित करतो. दोष कारागिरीचा नव्हे. सरकारची दृष्टी आखूड होती खरी, पण पहिले यंत्र अपुरे असता त्याहून श्रेष्ठ यंत्र सुचल्याची वर्दी खुद्द बॅबेजनेच सरकारदरबारी दिली, तेव्हा कोणता खजिनदार पुढील रकमेवर सही करता? त्याच्या प्रतिभेला धीराची जोड मिळाली नाही, हीच या प्रकरणातील खरी हानी होय.

विश्लेषक यंत्रावर एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांचा विचार पुढील लेखांकी करू.