चादरीवरची दोन अक्षरं

नवं भांडं घरात आलं की त्यावर नाव घालून घ्यायची आपली जुनी रीत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बायका हेच काम सुई-दोऱ्यानं करायच्या. चादरी, टेबलावरची कापडं, अंगातले कपडे, सगळ्यांवर नावाची आद्याक्षरं काढून ठेवायच्या. कापड महाग, आणि चोऱ्याही कपड्यांच्याच फार!

आता समजा, दोरीवरची चादर गेली. तर जायचं कुठे? आजच्यासारखं पोलीस ठाणं नव्हतंच. लंडनचं मोठं पोलीस दल उभं राहिलं ते १८२९ साली. खेड्यात कॉन्स्टेबल असे, पण तो गावातलाच कुणी शेतकरी किंवा दुकानदार, वर्षभरासाठी नेमलेला आणि बहुधा बिनपगारी. तपास करायचा तो ज्याची चोरी झाली त्यानंच. शेजारीपाजारी विचारायचं, वस्तू गहाण ठेवून घेणारी दुकानं पालथी घालायची, जमलं तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची.

कुणावर संशय आला की 'जस्टिस ऑफ द पीस'कडे जायचं. हा गावाकडचा न्यायाधीश म्हणजे बहुतेक वेळा एखादा जमीनदार. पुष्कळदा तो घरीच काम चालवी. त्याच्यापुढे शपथेवर सांगितलं की झडतीचं वॉरंट मिळे. मग कॉन्स्टेबलबरोबर जाऊन आपला माल आपणच ओळखायचा. इथे ती दोन अक्षरं कामी येत.

लंडनमध्ये तर जोनाथन वाइल्डनं यावर धंदाच मांडला होता. चोर त्याच्याच हाताखालचे, आणि बक्षीस घेऊन माल परत मिळवून देणाराही तोच! १७२५ साली तो फासावर गेला. तरीही 'माल परत द्या, काही विचारणार नाही' अशा जाहिराती येतच राहिल्या. अखेर १७५२च्या कायद्यानं त्यांना ५० पौंडांचा दंड लावला.

बरं, माल सापडला म्हणजे झालं असंही नाही. खटला चालवायचा तोही फिर्यादीनंच, पदरचा पैसा आणि कामाचे दिवस घालवून. शिवाय राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी झाली तर चोराला फाशी होऊ शकत असे. एवढ्यासाठी जीव घ्यायचा? ज्यूरीच्या मंडळींनाही ते जड जाई. मग कित्येकदा ते मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवीत.

आणि एक गोष्ट मनाला लागते. चोरीला गेलेली चादर लग्न झालेल्या बाईची असेल, तर आरोपपत्रात मालक म्हणून नाव लागे नवऱ्याचं. विधवा किंवा अविवाहित बाई स्वतःच्या नावानं उभी राहू शके, बायको मात्र नाही. माग काढला तिनं, चादर ओळखली तिनं, कोर्टात साक्ष दिली तिनं. पण कायद्याच्या लेखी ती वस्तू तिची नव्हतीच! १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी हे बदललं.

मैत्रिणींनो, आपल्या घराच्या, जमिनीच्या कागदांवर कुणाकुणाचं नाव आहे, ते एकदा काढून बघा तर खरं.