हवेतली मींड

गायकाचे हात बघत गाणे ऐकण्याचा मला फार जुना नाद आहे. भीमसेन जोशी तान संपवताना अख्ख्या देहानिशी समेवर येत. कुमार गंधर्वांची बोटे स्वर हवेतच टिपून धरत. मैफलीत हे सगळ्यांना दिसते. संगीतावर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात मात्र या हातांना जवळपास जागाच नाही. मिळालीच तर मुद्रादोषांच्या यादीत. आरशासमोर बसून रियाज करा म्हणजे हातवारे जातील, हा सल्ला गाणे शिकणाऱ्या किती पिढ्यांनी ऐकला असेल! हात इतके नकोसे का झाले, याचा शोध घेताना पहिला मुक्काम पडला तो देवगिरीला.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादवराजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांचे मिळून संगीत होते, ही व्याख्या अभ्यासकांना पाठच असते. तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. तिथे गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. बेसूर, अस्पष्ट, नाकात गाणारा हे त्यात अपेक्षितच. पण यादी नीट वाचली की लक्षात येते, यातले सहा-सात दोष कानांनी पकडायचे नाहीतच, ते डोळ्यांनी पकडायचे आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. तोंड भेसूर वासणारा कराली. ज्याच्या शिरा फुगतात तो झोंबक, गाल फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, डोळे मिटणारा निमीलक. आणि अंग पसरून गाणारा प्रसारी.

ही यादी माझ्या मनात घर करून बसली. याच ग्रंथाचा सातवा अध्याय नृत्यासाठी राखलेला आहे. तिथे हात, मान, भुवया, बुबुळे यांच्या हालचालींचे बारीक वर्गीकरण येते. म्हणजे शरीराचे सूक्ष्म निरीक्षण शार्ङ्गदेवाला उत्तम जमत होते. नर्तकीच्या हाताला शास्त्र मिळाले आणि गायकाच्या हाताच्या वाट्याला दोष आला, ही वाटणी त्याने समजून-उमजून केली. त्याच्याही आधी नारदीय शिक्षेत सामगायकाच्या हातालाच गात्रवीणा म्हटले होते. अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून स्वर दाखवायचे, अशी ती रीत. वैदिक गायकाचा हात वीणा ठरतो आणि दरबारी गायकाचा दोष! शार्ङ्गदेवाला मी फार मानतो, पण या एका बाबतीत त्याचे म्हणणे मला पटत नाही.

पुढचा साडेसहाशे-सातशे वर्षांचा पल्ला एका दमात ओलांडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टी एकदम घडल्या. गाणे प्रतिष्ठित घरांत आणायचे तर कोठीवरच्या अदेशी असलेले त्याचे नाते पुसून टाकायला हवे, असे सुधारकांना वाटू लागले. स्थिर बसणे हे सभ्यतेचे लक्षण ठरले. आणि 1902 मध्ये गौहर जान यांच्या गाण्याचे तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण झाले. कर्ण्यासमोर तोंड एका जागी धरून गावे लागे, हललात की आवाज पातळ व्हायचा. ऐकणाऱ्यापर्यंत पोचला तो नुसता गळा. पुढे रेडिओने तेच केले. आपली संगीतसमीक्षा याच तबकड्या आणि रेडिओच्या सोबतीने वाढली; तिच्या लेखी गायक म्हणजे आवाज, त्याला हात नाहीत.

हात परत आले ते व्हिडिओमुळे. पुण्यात विकास कशाळकर यांच्याकडे शिकलेल्या मॅट राहेम या अमेरिकन अभ्यासकाचे ‘म्युझिकिंग बॉडीज’ हे पुस्तक 2012 मध्ये आले. त्यातले एक निरीक्षण आपल्याकडच्या प्रत्येक गुरूने वाचावे असे आहे. हातवारे कोणी शिकवत नाही, तरी ते शिष्याकडे येतात. समोर बसून वर्षानुवर्षे गाताना गळ्यासोबत देहाची ढबही उतरते. इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातील मार्टिन क्लेटन यांनी तर तानपुऱ्याच्या साथीला बसणाऱ्यांच्या बोटांचा हिशेब मांडला. तानपुरा तालात छेडायचा नसतो, कोणी तसे ठरवतही नाही. तरी एकत्र बसलेल्यांच्या छेडण्याची गती नकळत एकमेकांशी जुळत जाते. त्यांच्या सहकारी लॉरा लिआंते यांनी श्री रागाचा माग काढला. ऋषभावरून पंचमाकडे जाताना गायकांचे हात कसे वर, पुढे झेपावतात आणि त्या झेपेशी कमळाची, राजाची कल्पना कशी जोडलेली असते, हे त्यांनी गायकांना विचारून, चित्रफिती लावून दाखवले.

या सगळ्यात मी सर्वाधिक रमलो तो पळस्प्यात. पनवेलजवळच्या या गावात झिया मोहिउद्दीन डागर आणि झिया फरिदुद्दीन डागर या बंधूंचे ध्रुपदाचे गुरुकुल होते. थोरले रुद्रवीणेचे, धाकटे गळ्याचे. स्टेला पास्कालिदू ही ग्रीक संशोधक डरहॅमच्या पीएच.डी.साठी फरिदुद्दीन डागरांच्या या परंपरेतल्या गायकांकडे आली, ती मोशन कॅप्चरची यंत्रणा घेऊन. अंगावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या लहान खुणा लावायच्या आणि भोवतीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी त्या खुणांची जागा क्षणोक्षणी नोंदवायची, असे हे तंत्र. सिनेमात आणि खेळाडूंच्या प्रयोगशाळेत वापरतात तेच. इथे ते गायकांच्या घरात, आलाप सुरू असताना चालवायचे होते.

ध्रुपदिये आलापात हवेत काहीतरी हाताळत असतात, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. एक हात काही धरून ठेवतो, दुसरा त्यातून ताण काढत लांब नेतो. कधी दोन्ही हात जड काहीतरी उचलतात, ढकलतात. पास्कालिदूचा प्रश्न होता, ही न दिसणारी वस्तू ताणली जाणारी की घट्ट? आणि तिला किती जोर लागतो आहे? हातात तर काहीच नाही. तो जोर बघणाऱ्याला जाणवतो, म्हणून आधी तो बघूनच ठरवला. मग आवाजातून आणि हालचालीतून मोजता येणाऱ्या गोष्टींशी त्याचा मेळ बसतो का, हे गणिताने तपासले. मेळ बसला. थोडक्याच मोजमापांवरून, जोर किती आणि वस्तू कुठल्या जातीची, याचा बऱ्यापैकी अंदाज करता आला. जोराचा संबंध काही अंशी गळ्यावर येणाऱ्या ताणाशी निघाला, काही अंशी रागातल्या स्वरांच्या मांडणीशी. काही नियम सगळ्यांना सारखे लागू पडले, काही ज्याच्या त्याच्या गायकीपुरते.

हे वाचले तेव्हा मला रुद्रवीणा आठवली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, काढताना तिची तार बाजूला खेचावी लागते. स्वर जितका चढा, तितकी तार हाताला विरोध करते. ज्या गुरुकुलात वीणा आणि गळा एकाच छपराखाली शिकवले गेले, तिथल्या गायकाच्या रिकाम्या हाताला तार खेचल्याचा भास व्हावा यात मला काहीच नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पण मी त्यावर ठाम आहे. नारदीय शिक्षेतली गात्रवीणा अशी पळस्प्यात पुन्हा भेटते.

पास्कालिदूचा रोख मात्र इलेक्ट्रॉनिक वाद्यांकडे होता. हवेत हात हलवून वाजणारे पहिले वाद्य लेव तेरमेन या रशियन शास्त्रज्ञाने 1920 मध्ये बनवले. थेरेमिन या त्याच्या वाद्याच्या दोन अँटेनांजवळ हात नेला की स्वर आणि आवाजाची तीव्रता बदलते. स्पर्श कुठेच नाही. क्लारा रॉकमोर या मूळच्या व्हायोलिनवादक. त्यांनी त्या पोकळीत बोटांची स्वतंत्र पद्धत घडवली, म्हणून त्यावर खरे संगीत उभे राहिले. शंभर वर्षे झाली, तरी अशा वाद्यांची अडचण तीच आहे. यंत्राला हाताची जागा कळते, हातातला जोर कळत नाही. आणि जोराशिवाय मींड म्हणजे स्वरांची नुसती घसरगुंडी. यंत्राला जोर शिकवायचा तर तो कुठून आणायचा, याचे उत्तर पळस्प्याच्या ध्रुपदियांच्या रिकाम्या हातात सापडते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता तर अंगावर खुणाही लावाव्या लागत नाहीत. साध्या चित्रफितीतून संगणक कोपर, मनगट, खांदे शोधून काढतो. क्लेटन आणि आयआयटी मुंबईतील प्रीती राव यांच्या गटाने 2022 मध्ये 3 गायक आणि 9 राग घेऊन, 12 सेकंदांच्या तुकड्यांवरून राग ओळखायला संगणकाला शिकवले. नुसत्या हातांवरून ओळख कच्ची राहिली. पण आवाजाला हातांची जोड दिली, तेव्हा आधीच चांगला असलेला निकाल आणखी सुधारला. म्हणजे कानाला न मिळालेले काहीतरी हातात होते. ज्याला आपण दोष म्हणत आलो, त्यात रागाची माहिती होती.

उलट्या बाजूचाही एक पुरावा आहे. विम पाऊ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवले, की एकच स्वर धरून हात हलवला तर त्या हालचालीचे धक्के छातीतून श्वासापर्यंत आणि श्वासातून आवाजात उतरतात. ऐकणाऱ्यांना, गाणारा दिसत नसतानाही, त्याच्या मनगटाच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवता आली. लारा पिअर्सन यांच्यासोबत त्यांनी हाच धागा कर्नाटक संगीतातही पुढे नेला. तेव्हा गायकाला हात बांधून गायला लावणारे गुरू त्याच्या गाण्यातही हात घालत असतात.

मला यातून एक साधी मागणी करायची आहे. आज आपल्याकडे तालमी, मैफली, मुलाखती यांचे भरपूर चित्रण होते. बहुतेक वेळा कॅमेरा चेहऱ्यावर जातो, तबल्यावर जातो, श्रोत्यांतल्या कुणा नामवंतावर रेंगाळतो, आणि नेमका मींडेच्या वेळी गायकाचा हात चौकटीबाहेर राहतो. एक कॅमेरा तरी समोर, न हलवता, गायकाचे दोन्ही हात पूर्ण दिसतील असा ठेवा. त्याला फार खर्च नाही. वयोवृद्ध गुरूंच्या तालमी तरी अशाच चित्रित झाल्या पाहिजेत, कारण तबकड्यांच्या काळातल्या गायकांचे हात आपण कायमचे गमावले आहेत. आणि शिष्याला आरशासमोर बसवण्याआधी त्याच्या हातांत गाण्यातले काय आले आहे, तेही एकदा गुरूंनी पाहून घ्यावे.