शंभर गुण मोठे की अकरा विजेतेपदे?

बास्केटबॉलचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? भिलाई-3 मध्ये हा प्रश्न टाकून पाहा. चरोद्याच्या रेल्वे यार्डातली ड्यूटी संपवून आलेला माणूसदेखील चहाचा कप खाली ठेवून उत्तर देईल. मुंबई-हावडा मार्गावरच्या आमच्या या वस्तीला बाहेरचे लोक मालगाड्यांमुळे ओळखतात. पण शेजारी पोलाद कारखाना आहे, कारखान्याची मैदाने आहेत आणि त्यामुळे हा खेळ इथे घराघरांत माहीत आहे. पोरे जॉर्डनचे, लेब्रॉनचे, नाहीतर स्टेफ करीचे नाव घेतात. मी बिल रसेलचे नाव घेतो आणि मग वादाला तोंड फुटते.

माझे म्हणणे असे. विल्ट चेंबरलेन नावाच्या सात फुटी खेळाडूने 2 मार्च 1962 रोजी हर्शी या गावी एकाच सामन्यात 100 गुण केले. त्या मोसमात त्याची सरासरी सामन्यामागे 50 गुणांच्या वर होती. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, या दोन्ही आकड्यांपर्यंत नंतर कोणी पोहोचलेला नाही. पण त्या वर्षीचे विजेतेपद कोणाला मिळाले? रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सला! रसेल 13 मोसम खेळला आणि त्याच्या संघाने 11 वेळा विजेतेपद मिळवले. गुण करण्यात तो चेंबरलेनच्या जवळपासही नव्हता. त्याचे काम वेगळे होते. समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेत अडवायचा. पण तोही जोरात फटकावून प्रेक्षकांत भिरकवायचा नाही, तर हलकेच आपल्या सोबत्याच्या हाती जाईल असा टोलवायचा. टाळ्या कमी मिळतात, पण चेंडू आपल्याकडे राहतो. गंमत म्हणजे असे अडवलेले चेंडू मोजण्याची पद्धतच एनबीएत 1973 नंतर आली. तोवर रसेल निवृत्तही झाला होता. त्याच्या मोठेपणाचा निम्मा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

आमच्या घरात अशी एखादी बाई असतेच ना? सगळ्यांच्या ताटात वाढून होते आणि तिचा हिशेब कुठेच नसतो. असो.

मायकेल जॉर्डनला मी कमी लेखत नाही. फक्त त्याच्याबद्दलची एक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते. शाळेच्या संघातून त्याला हाकलले होते, असे पालक आपल्या मुलांना मोठ्या उत्साहाने ऐकवतात. प्रत्यक्षात त्याला हाकलले नव्हते. वरच्या संघाऐवजी शाळेच्या कनिष्ठ संघात घेतले होते, म्हणजे वर्षभर जास्त खेळायला मिळेल अशा जागी ठेवले होते. दोन्हींत फरक आहे. आणि 1984 मध्ये एनबीएत आलेल्या या अचाट खेळाडूला पहिले विजेतेपद 1991 मध्ये मिळाले, तेव्हा निर्णायक सामन्याच्या शेवटी तो मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनला पास देत होता. 1997 मध्ये त्याच्याच पासवर स्टीव्ह करने अखेरचा विजयी बास्केट केला. एकट्याने सगळे करता येते हा त्याचा भ्रम गेला आणि मग तो खरा मोठा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. ते न पटणारे आमच्या कॉलनीत पुष्कळ आहेत!

मोजे घालायला शिकवणारा गुरू

जॉर्डन घडला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघात. अमेरिकेत कॉलेजचे संघ म्हणजे एक स्वतंत्रच जग आहे. गावेच्या गावे आपल्या विद्यापीठाच्या संघावर जीव टाकतात. 1982 च्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत विजयी बास्केट केला तेव्हा जॉर्डन पहिल्या वर्षाचा, 19 वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे गुरू डीन स्मिथ यांनी संघाला एक सवय लावली होती: बास्केट झाला की करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचे. श्रेयाची वाटणी तिथल्या तिथे, हजारो लोकांसमोर. आमच्या पोरांना मी हे एवढे एक जरी उचला म्हणतो, पण ते जॉर्डनची जीभ बाहेर काढण्याची लकब तेवढी उचलतात.

कॉलेज संघांत माझे पहिले मत मात्र लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाला. प्रशिक्षक जॉन वुडन तिथे 1948 मध्ये रुजू झाले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले सोळाव्या मोसमात, 1964 साली. आपल्याकडे सोळा वर्षे कोणी थांबले असते का? ते धरून बारा वर्षांत दहा विजेतेपदे, त्यांतली सात लागोपाठ, आणि सलग 88 सामन्यांत विजय. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेला लू अल्सिंडर त्यांचाच शिष्य. देशातले निवडक खेळाडू सरावाच्या पहिल्या दिवशी हजर झाले की हे गुरुजी त्यांना काय शिकवत? मोजे कसे घालायचे! टाचेपाशी, बोटांपाशी सुरकुती राहू द्यायची नाही, मग बुटाची नाडी नीट आवळायची. सुरकुतीने फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की सामना जातो. शेवया वळताना आई पीठ किती मळायचे ते आधी दाखवते, तसेच हे.

पण कुटुंबातल्या वाचकांना सांगावी अशी गोष्ट आहे ती टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांची. 1974 मध्ये, वयाच्या अवघ्या 22 व्या वर्षी, त्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या. सुरुवातीला संघाची गाडी त्या स्वतः चालवत, गणवेशही स्वतः धूत. शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा कायदा अमेरिकेत 1972 मध्ये झाला होता. पण कायदा झाला म्हणून पैसा लगेच आला नव्हता. 38 मोसमांत त्यांनी 1,098 सामने आणि 8 राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्यांना 2012 मध्ये मैदान सोडावे लागले, 2016 मध्ये त्या गेल्या. या सर्व आकड्यांहून मला मोठी वाटते ती दुसरीच नोंद: त्यांच्याकडे खेळण्याचा पूर्ण काळ राहिलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. प्रत्येक! ज्या मुलींचा खेळ पाहायला तेव्हा मोजकी माणसे येत, त्या मुलींच्या कॉलेज स्पर्धेचा 2024 चा अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला.

भिलाईच्या मुली

हे सारे अमेरिकेचे झाले. आमच्याकडे काय? आमच्याकडे राजेश पटेल होते.

भिलाईच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. देशभरातून माणसे आली, तशी विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. 1956 पर्यंत आमच्या दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती, त्यामुळे ते परक्या मुलखात येणे नव्हतेच. कारखान्याने वसाहतीबरोबर मैदानेही दिली. सेक्टर-1 मधल्या पंत स्टेडियमच्या कोर्टवर पटेल सरांनी मुलींचे संघ घडवले. 2000 साली जन्मलेल्या छत्तीसगड राज्याने पुढच्या काही वर्षांतच मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकांची रांग लावली. अंजू लाक्रा, भारती नेताम या मुली भारताकडून खेळल्या. कानपूरची पूनम चतुर्वेदी, उंची जवळजवळ सात फूट, मेंदूतल्या गाठीच्या आजाराशी झुंजत इथे सराव करायला आली आणि देशाच्या संघापर्यंत पोहोचली. 2018 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी निघालेले असताना, प्रवासातच पटेल सरांचे निधन झाले.

मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी दिला, पुण्याच्या शिरीन लिमयेने महिला संघाचे नेतृत्व केले. तिथे मोठ्या शहराची पुण्याई होती. इथे काय होते? एक कोर्ट, एक हट्टी माणूस आणि ज्यांच्या घरी बास्केटबॉल हा शब्द कोणी उच्चारला नव्हता अशा कितीतरी मुली. म्हणून माझ्या यादीत वुडन, समिट यांच्या पंगतीला पटेल सर बसतात. हसणाऱ्यांनी हसावे.

मात्र एक गोष्ट मला बोचते. अमेरिकेत चांगल्या खेळाडूला कॉलेज खुणावते, आपल्याकडे नोकरी. मुलगी चमकली की रेल्वे तिला खेळाडूंच्या कोट्यातून घेते. म्हणूनच महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या संघाला हरवणे इतके कठीण असते. मी स्वतः रेल्वेच्या वसाहतीत राहतो, त्या नोकरीने कोणत्या घराची चूल पेटती राहिली ते मला ठाऊक आहे. तिला नावे ठेवणार नाही. पण शिक्षणाचे काय? पुष्कळ कॉलेजांना खेळाडूची आठवण आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर येते. हजेरी लावून देतो, पेपरचे पुढे बघू, असे सांगितले जाते आणि तीन वर्षांनी मुलीच्या हातात ढीगभर प्रमाणपत्रे असतात, पदवी नसते. गुडघा दुखावला की प्रमाणपत्रे पेटीत जातात.

दुसरी वाट नाही असे नाही. 2010 मध्ये आपल्याकडची चार मुले आणि चार मुली शिकण्यासाठी आणि खेळण्यासाठी फ्लोरिडातल्या अकादमीत गेली. त्यांतल्या पंजाबच्या सतनाम सिंगला 2015 मध्ये डॅलसच्या एनबीए संघाने निवडले तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले. त्याच तुकडीतली कविता अकुला अमेरिकेच्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीवर दाखल झाली, ती बातमी किती जणांनी वाचली? मला तर सतनामच्या निवडीइतकीच ती मोलाची वाटते. सतनाम एनबीएच्या मोसमात एकही सामना खेळू शकला नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींनी मागच्या उन्हाळ्यात मला विचारले, ‘‘भाऊ, पोरगी नववीत गेली, उंची बरी आहे, सर म्हणतात दोन्ही वेळ पाठवा. पाठवू का?’’ मी म्हटले, ‘‘पाठवा, पण आधी भाऊसाहेबांना सरांकडे धाडा. तुमच्या जुन्या मुली आज कुठे आहेत आणि बारावी, पदवी किती जणींनी केली, एवढे दोनच प्रश्न विचारायला सांगा. पदके मोजू नका.’’

भाऊसाहेब गेले. सरांनी वही काढून नावे वाचली. दोघींना नोकरी लागली होती, एक बी.एड. करत होती, तिघींचे शिक्षण मधेच सुटले होते, तेही त्यांनी लपवले नाही. भाऊसाहेबांना ते आवडले. दहावीच्या वर्षी जानेवारीपासून संध्याकाळचा सराव बंद, सकाळचा चालू, असे ठरले. सध्या पोरगी साडेपाचला सायकल काढते. अजून राखीव खेळाडू आहे, बाकावर बसते. परवा पहिल्यांदा सहा मिनिटे खेळली; गुण एकही नाही, पण तिच्या दोन पासवर दोन बास्केट झाले.