रेडिएटर तांब्याचा भारी की ॲल्युमिनियमचा?

आजचा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. उष्णता वाहून नेण्यात तांबं सरस, मग नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा रेडिएटर का? कंपन्या पैसे वाचवतात का?

पैसे वाचतातच, तांबं महाग आहे. पण आधी आकडे बघू. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४००, शुद्ध ॲल्युमिनियमची २३५ वॅट प्रति मीटर-केल्विन. सामना तांब्याने जिंकला? थांबा! ॲल्युमिनियम तिपटीहून हलकं आहे. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त पत्रा मिळतो.

आणि खरी अडचण धातूत नाहीच, ती हवेत आहे. कूलंटकडून नळीकडे उष्णता पटकन जाते; फिन्सकडून हवेकडे जाताना मात्र रडते. म्हणून हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढवायचा. ॲल्युमिनियमच्या रुंद, चपट्या नळ्या आणि दाट फिन्स तेच काम करतात.

शिवाय जुना ‘तांब्याचा’ रेडिएटर पूर्ण तांब्याचा नसतोच. फिन्स तांब्याच्या, नळ्या पितळेच्या आणि सांधे शिसे-कथिलाच्या डाखाचे. पितळ आणि डाख, दोन्ही उष्णता नेण्यात ॲल्युमिनियमच्या बरेच मागे. नव्या रेडिएटरमध्ये नळीच्या पत्र्यावर सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास फक्त तो थर वितळतो आणि नळ्या-फिन्स एकजीव होतात.

मग तांबं बाद? नाही. त्याला गल्लीतला मेकॅनिकही डाख लावून देतो. ॲल्युमिनियमचा कोअर गळला की बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

म्हणून हे नीट ऐका. ॲल्युमिनियमला ऑक्साइडचा पातळ थर वाचवतो. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड तो थर फोडतात आणि धातूला बारीक खड्डे पडत जातात. बाहेरून वाचवायला अनेकदा फिन्समध्ये थोडं जस्त घालतात, म्हणजे आधी फिन झिजते, नळी वाचते. आतून वाचवायचं काम कूलंटमधल्या गंजरोधकांचं. ‘पाणीच तर आहे’ म्हणून बाटली ओतत राहिलात, तर एक दिवस भर घाटात काटा लालवर जाईल आणि खर्च रेडिएटरवर थांबणार नाही.

तर आज एवढंच करा: इंजिन थंड असताना टाकीची पातळी बघा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट भरा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, काहीही झालं तरी!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.