पन्हळी नळीचे गणित

महाड तालुक्यातले फौजी आंबवडे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या लष्करात माणसे धाडत आले आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायाच्या खांद्यावर ली-एनफिल्ड रायफल असे. तिचे वजन सुमारे ४ किलो. पोलादपूरहून आंबेनळी घाट पायी चढणाऱ्याला पाव किलोचे ओझेही जाणवते. म्हणूनच वजन घटवायला काही रायफलींच्या नळीवर बाहेरून, लांबीच्या दिशेने पन्हळी, म्हणजे खोलगट खाचा, कोरतात. पण त्यामुळे नेम सुधारतो का?

गोळी सुटताना पोलादी नळी थरथरते. ही थरथर दर वेळी सारखी आणि कमी असावी, यासाठी नळी ताठ हवी. नळीचे वजन साधारण व्यासाच्या वर्गाने वाढते, ताठपणा मात्र चौथ्या घाताने. सगळे नवल इथेच आहे.

आतून ७.६२ मिलिमीटर भोक असलेली, २४ मिलिमीटर जाडीची नळी घ्या. तिच्यावर पावणेतीन मिलिमीटर खोल, अर्धगोल अशा सहा पन्हळी ५० सेंटिमीटर लांब कोरल्या, तर सुमारे २८० ग्रॅम पोलाद निघते. तेवढ्या भागात नळीचा ताठपणा मात्र जवळपास चतुर्थांशाने घटतो. पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो, कारण त्यात धातू फक्त वळवलेला असतो. नळीत तो काढून टाकलेला असतो. आता तेवढ्याच वजनाची गुळगुळीत नळी घेतली, तर ती २२ मिलिमीटर जाडीची भरते आणि पन्हळी नळी तिच्याहून सुमारे ५ टक्के ताठ ठरते. फायदा खरा आहे, पण एवढाच.

उष्णतेचेही तसेच. या पन्हळींनी बाहेरचा पृष्ठभाग सुमारे पाव पटीने वाढतो, त्यामुळे नळी लवकर निवते. पण पोलाद कमी असल्याने ती तापतेही लवकर. शिवाय कोरताना धातूतला दडलेला ताण असमान सुटला, तर आतले भोक सूक्ष्म प्रमाणात बदलते आणि नेम उलट बिघडतो. म्हणून हे काम ताण काढलेल्या पोलादावर, जाणत्या कारागिराकडूनच व्हावे.

रायफल दूरवर वाहून न्यायची नसेल, तर हिशेब बदलतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या खेळात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे लहान काडतुसाने नळी फारशी तापत नाही आणि रायफलचे वजन हात स्थिर ठेवायला मदतच करते. अचूकता येते ती एकसारख्या भोकातून, नळीच्या तोंडाच्या निर्दोष कडेतून, चांगल्या काडतुसातून आणि सरावातून.

तेव्हा रायफल दूरवर वाहून न्यायची असेल आणि जाड नळीचा ताठपणा शक्य तितका राखायचा असेल, तर पन्हळींवरचा खर्च सार्थ आहे. एका जागी बसून नेमबाजी करणाऱ्याने तोच पैसा चांगली नळी आणि काडतुसे यांवर घालावा.