टी.बी.सारखा दिसतो, पण टी.बी. नव्हे

आमच्या चाळीतल्या एका काकूंना सांधेदुखीसाठी तीन वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. पावसाळा संपता संपता खोकला लागला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले. एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसला आणि टी.बी.ची औषधे सुरू झाली. दोन महिने झाले तरी ताप हटेना. उलट घरच्यांनाच ऐकून घ्यावे लागले, "गोळ्या चुकवल्या असतील." सून तर रोज समोर उभी राहून गोळ्या देत होती! शेवटी मोठ्या इस्पितळात थुंकीची पुन्हा तपासणी झाली आणि नाव निघाले, नोकार्डिया.

आम्ही कारकून माणसे, हे नाव कुठून ऐकलेले असणार? पण फाईल घेऊन रांगेत आम्हीच उभे होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतले.

नोकार्डिया हा मातीत, धुळीत, कुजलेल्या पाल्यात राहणारा जंतू. फ्रेंच पशुवैद्य नोकार यांनी 1888 साली गुरांच्या रोगात तो दाखवला, त्यांचेच नाव त्याला पडले. धुळीबरोबर तो श्वासातून आत जातो. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण किडनी बदललेले, कॅन्सरची औषधे घेणारे, एच.आय.व्ही.मुळे प्रतिकारशक्ती घटलेले आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, यांच्या फुप्फुसात तो ठाण मांडतो. तो एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. काकूंचे ताट-पेला वेगळा ठेवला होता, त्याची काही गरज नव्हती.

घोटाळा होतो तो असा. खोकला, ताप, वजन घटणे, एक्स-रे, सारे टी.बी.सारखे. टी.बी.साठी थुंकीला जो रंग देतात, तो हा जंतूही थोडाफार धरतो. आपल्याकडे टी.बी. इतका आहे की डॉक्टरांनी आधी तोच धरला, यात नवल नाही. पण सीबीनॅट तपासणीत टी.बी. निघत नसेल किंवा औषधाने उतार पडत नसेल, तर "नोकार्डियासाठी कल्चर करता येईल का?" असे विचारावे. हा जंतू सावकाश वाढतो, कधी दोन-तीन आठवडे लागतात. प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही, तर कल्चर लवकर टाकून दिले जाण्याची भीती असते.

आणि स्टिरॉइड घेतो हे लपवू नये. काकूंनी पहिल्या दवाखान्यात सांगितलेच नव्हते. बाजारातल्या दुखण्याच्या पुड्यांतही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते, तेव्हा ती पुडीच डॉक्टरांना दाखवावी. मात्र स्टिरॉइड असो की टी.बी.ची औषधे, आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.

यावर मुख्य औषध को-ट्रायमोक्साझोल. जुने आणि स्वस्त, पण सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते. आजार जोरात असला तर सोबत आणखी औषधे देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे. डोके सतत दुखू लागले, उलट्या वा झटके आले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, कारण हा जंतू रक्तातून मेंदूत जाऊन गळू करतो. म्हणूनच काकूंच्या डोक्याचेही स्कॅन झाले. सुदैवाने तिथे काही नव्हते.

काकूंच्या गोळ्या अकरा महिने चालल्या. गॅलरीतल्या कुंड्यांची माती आता सून बदलते, काकू दारात बसून सूचना देतात.